एक मांडव की अनेक?

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात साहित्याविषयी आस्था असलेल्या मंडळींचे जे लहानमोठे गट आहेत, त्यांच्या बैठकींमध्ये एक प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. सगळ्यांची चर्चा एकाच ठिकाणी चालू ठेवायची, की कवितेची बैठक निराळी, समीक्षेची निराळी, आदिवासी साहित्याची निराळी आणि बोईसर-तारापूरकरांची आणखी निराळी, अशी वाटणी करायची? प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा आहे. सभागृह किती वेळ मिळते, चहा कोण करते, सतरंज्या कोण उचलते, अशा प्रश्नांच्या पंगतीला बसवावा असा. परंतु मराठी साहित्यव्यवहाराचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, या प्रश्नाने जितके वाङ्मयीन बदल घडवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने घडवले असतील. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम दोन्ही बाजू मांडू. वेगळे व्हावे म्हणणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. दोन तासांच्या बैठकीत काव्यवाचन दीड तास चालते. एखाद्याने महिनाभर खपून लिहिलेल्या समीक्षालेखाला उरलीसुरली दहा मिनिटे मिळतात आणि तीही लोक चपला शोधत असताना. जव्हार-मोखाड्याकडून आलेल्या मुलामुलींना शेवटची एस. टी. गाठायची असते, त्यांची पाळी येईपर्यंत ती निघून जाते, किंवा ती मुले तरी निघून जातात. बोईसरच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना पालघरची संध्याकाळची वेळ कधीच सोयीची नसते. उलट बाजूचे म्हणणेही तितकेच खरे. आहेत ती माणसे वीस-पंचवीस. त्यांच्या चार वाटण्या केल्या, तर प्रत्येक ठिकाणी पाच-सहा जण एकमेकांकडे पाहत बसतील आणि वर्षभरात चारही ठिकाणी कुलूप लागेल. एकत्र असण्याचे बळ गमावून स्वतंत्र असण्याची प्रौढी मिरवण्यात काय अर्थ?

या दोन्ही बाजू ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. वाटणीचे कारण सर्वत्र एक नाही. कवी आणि समीक्षक यांनी वेगवेगळे बसावे ही सोयीची वाटणी आहे. पालघर आणि बोईसर यांनी वेगवेगळे बसावे हीदेखील सोयीचीच. लोकलने जायचे तर दोहोंच्या मध्ये उमरोळी हे एकच स्थानक आहे. पण वारली, कोकणा किंवा कातकरी घरातून आलेला तरुण जेव्हा ‘आम्हांला वेगळे बसू द्या’ असे म्हणतो, तेव्हा तो घड्याळाची तक्रार करत नसतो. या बैठकीत ज्याला साहित्य म्हटले जाते त्यात आपले काही बसत नाही, असे तो सांगत असतो. सोयीची वाटणी आणि आवाजाची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच ठरावात गुंडाळले, की चर्चेचा गुंता होतो.

आवाजाच्या वाटणीचा मराठीतील सर्वांत जुना आणि सर्वांत ठळक दाखला १८८५चा आहे. त्यापूर्वी १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली होती. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तेथून मोजली जाते. १८८५ साली दुसरी सभा भरली तेव्हा तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला आणि ते पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना माणुसकीचे हक्क नाकारले गेले आहेत त्यांच्याविषयी जी सभा गप्प राहते, तिच्या ऐक्यात जाऊन बसल्याने आपल्या लोकांच्या पदरात काही पडणार नाही, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र आपण बहुधा बंडाचा नमुना म्हणून शिकवतो. आमच्या मते ते ऐक्याच्या अटींचाही दस्तऐवज आहे. एकत्र येण्याला जोतीरावांचा विरोध नव्हता. कोणत्या पायावर एकत्र यायचे, हे आधी ठरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगायची राहून जाते. हा नकार देताना जोतीराव एकटे नव्हते. सत्यशोधक समाज १८७३ सालीच स्थापन झाला होता. त्यांची स्वतःची सभा होती, स्वतःचे वक्ते होते, स्वतःचे श्रोते होते. ज्याच्यापाशी स्वतःची जागा असते, त्यालाच दुसऱ्याच्या जागेचे निमंत्रण निर्भयपणे नाकारता येते आणि पुढेमागे सन्मानाने स्वीकारताही येते. ज्याला दुसरी जागाच नाही, तो मिळेल त्या कोपऱ्यात बसतो आणि बैठकीनंतर कोणाशी न बोलता घरी जातो.

स्वतंत्र जागेतून काय निष्पन्न होते, याची उदाहरणे पुढच्या काळात पुष्कळ सापडतात. त्यांतले एक आम्हांस विशेष बोलके वाटते. लक्ष्मीबाई टिळक यांनी १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. शाळेचे शिक्षण नसलेली, लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई. तिची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठी आत्मचरित्राचा मानदंड मानली जातात. पण त्या काळी मराठी साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून एकाही स्त्रीचे नाव आलेले नव्हते. ते आले १९६१ साली, ग्वाल्हेरच्या संमेलनात, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने. म्हणजे एका छोट्या समाजाच्या वेगळ्या मांडवाने जे केले, ते करायला मोठ्या मांडवाला आणखी अठ्ठावीस वर्षे लागली. मोठ्या मांडवात काही दुष्ट माणसे बसली होती, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या मांडवाला स्वतःच्या सवयी दिसत नाहीत, एवढेच.

दलित साहित्याचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. या वेगळ्या जागा नसत्या, तर बाबुराव बागूल आणि त्यांच्या मागून आलेले लेखक लिहिते झाले नसते, असे म्हणणे धाडसाचे होईल; प्रतिभेला व्यासपीठाची परवानगी लागत नाही. पण त्यांच्या लेखनाविषयी बोलायची भाषा मात्र घडली नसती. सर्वसाधारण मराठी समीक्षेच्या दरबारात हे लेखन एक तर ‘प्रचारकी’ ठरले असते, नाही तर ‘अनुभव दाहक आहे, पण कलात्मकतेत उणे’ असा शेरा घेऊन परतले असते. विद्रोह, नकार, अस्मिता, वेदना या संज्ञांना वाङ्मयीन मूल्यांचा दर्जा मिळाला, तो आधी त्या वेगळ्या मांडवात. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या नावाचा ग्रंथ लिहिला, त्यामागे जवळजवळ चार दशकांच्या या वेगळ्या बोलण्याची पुंजी होती.

आता आमच्या पालघराकडे वळतो. साहित्याच्या नकाशावर पालघर हे काही मानाचे ठिकाण नाही. पण १९९० साली येथे पाचवे आदिवासी साहित्य संमेलन भरले होते आणि त्याचे अध्यक्ष होते वाहरू सोनवणे. त्याच वर्षी कोकणच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरीला, मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही झाले. आदिवासी साहित्य संमेलनांची सुरुवात १९७९ साली भद्रावतीला झाली होती. पालघरपर्यंत ती वाट येऊन पोचायला अकरा वर्षे लागली. आमच्या विद्यार्थ्यांना रत्नागिरीच्या संमेलनाची माहिती संदर्भग्रंथांतून सहज मिळते. आपल्याच गावी काय झाले, हे मात्र त्यांना सांगावे लागते.

सोनवणे हे शहाद्याकडच्या श्रमिकांच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी. ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासी कवितेच्या चर्चेत हटकून येते, आणि प्रस्तुत विषयाशी तिच्याइतकी जवळची दुसरी कविता आम्हांस ठाऊक नाही. आपल्या दुःखाविषयी व्यासपीठावरून दुसरेच कोणी बोलत आहे आणि आपण मात्र खाली बसून ऐकत आहोत, ही ती स्थिती. पालघरच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी याच स्थितीचा वाङ्मयीन अर्थ उलगडला. साहित्य म्हणजे केवळ लिहिलेले, छापलेले, असे का मानायचे? ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही त्यांची गाणी, कथा, रात्र रात्र चालणारे कथन, हे साहित्य का नव्हे? हा प्रश्न सर्वसाधारण संमेलनात एखाद्या परिसंवादात विचारला गेला असता, तर त्याला ‘लोकसाहित्य’ या कप्प्यात टाकून अध्यक्षांनी घंटा वाजवली असती. पालघरला तो अध्यक्षीय भाषणाचा गाभा होता. व्यासपीठ कोणाचे आहे यावरून प्रश्नाचे वजन ठरते, ते असे.

पालघरच्या जंगलपट्टीला ही गोष्ट नवी नव्हती. १९७०च्या दशकात काळूराम धोदडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिसेना उभी केली, तेव्हा त्या चळवळीच्या कामात गावकऱ्यांच्या शिबिरांना मोठे स्थान होते. आदिवासींनी आपापसांत बसायचे, आपल्या अडचणींची आपल्या बोलीत चिरफाड करायची आणि निर्णय आपणच घ्यायचा. बाहेरून आलेल्या सहानुभूतीदारांची मदत घ्यावी, पण ठरवण्याचा हक्क त्यांच्या हाती देऊ नये. ज्यांना साहित्याचा आणि चळवळीचा काही संबंध नाही असे वाटते, त्यांनी १९९०च्या संमेलनाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. जमिनीविषयी स्वतः बोलायला शिकलेली माणसेच पुढे कवितेविषयी स्वतः बोलू लागतात.

इथवर वाचून कोणास वाटेल, की आम्ही सरसकट वाटणीचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. एकत्र असण्याने जे साधते ते वेगळ्या मांडवांत साधत नाही, याचेही दाखले आहेत. १९४६ साली बेळगावच्या संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो एखाद्या प्रादेशिक मेळाव्यात झाला असता, तर त्याला ती धार आली नसती. १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गा भागवत आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज दूरवर गेला, कारण तो मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून आला होता. मोठ्या मांडवाचे हे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. अर्थात केवळ मोठेपणाने धैर्य येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०१९ साली यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा मांडव तोच होता, तितकाच मोठा.

वेगळ्या मांडवांचे स्वतःचे रोगही आहेत. पहिला रोग आपसांतल्या कौतुकाचा. सगळेच आपले असले, की वाईट कवितेला वाईट म्हणणे फितुरीसारखे वाटू लागते. ज्या समूहाला बाहेरून अन्यायाची वागणूक मिळाली, त्याच्यात तर ही भीती अधिक असते आणि ती समजण्याजोगी आहे. पण तिचा परिणाम लेखकाच्या वाढीवर होतो. दुसरा रोग वाटणीतून वाटणीचा. एक वेगळा मांडव उभा राहिला, की काही वर्षांत त्याच्यातही मुख्य आणि दुय्यम असे दोन थर पडतात आणि मग खालच्या थरातील मंडळी आपला खांब उपटून निघतात. तिसरा रोग आम्हां अध्यापकांना रोज दिसतो, तो वाचकाचा. प्रत्येक मांडवाचा लेखक वेगळा असणे ठीक आहे. पण प्रत्येक मांडवाचा वाचकही वेगळा झाला, तर मराठी साहित्य नावाची गोष्ट कोणत्या वाचकाच्या मनात उरणार?

या तिसऱ्या रोगाला आपले अभ्यासक्रम खतपाणी घालतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, स्त्रीवादी साहित्य, आदिवासी साहित्य असे ‘प्रवाह’ आपण शिकवतो. ज्या लेखकांनी भांडून ही नावे मिळवली त्यांच्या दृष्टीने तो विजय होता. पण अभ्यासक्रमात शिरताच या नावांचे कप्पे झाले. कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत कादंबरीचे तंत्र शिकवायचे आणि दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत वेदना शिकवायची, अशी अजब श्रमविभागणी रूढ झाली. बागुलांच्या कथेतील निवेदनाची रचना कोणी पाहत नाही; ती कथा ‘प्रवाहा’ची आहे ना! आणि मर्ढेकरांच्या कवितेतील जात कोणी विचारत नाही. ती कविता ‘मराठी’ आहे ना! आदिवासी घरातील विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी विषय सुचवताना आपण सवयीने त्याच्या जमातीच्या गाण्यांकडे बोट दाखवतो. त्याला जी. ए. कुलकर्णींवर लिहायचे असेल, ही शक्यता आपल्या मनात येत नाही. हे वेगळे होणे नव्हे. हे वेगळे करणे आहे.

आम्हांस जे म्हणायचे आहे त्याचा मध्य इथे आहे. वेगळे होणे आणि वेगळे करणे यांत क्रियापदाचा नव्हे, कर्त्याचा फरक आहे. ज्यांना बोलायला जागा नाही त्यांनी आपल्या इच्छेने दुसरी जागा निर्माण केली, तर ती साहित्याची वाढ होय. ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांनी गर्दी कमी करण्यासाठी इतरांना शेजारची खोली दाखवली, तर ती हकालपट्टी होय, मग त्या खोलीच्या दारावर कितीही सन्मानाची पाटी लावा. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. दोन्हींचा ठराव एकाच शब्दांत लिहिता येतो. म्हणून वाटणीचा प्रस्ताव आला, की तो चांगला की वाईट हे विचारण्याआधी तो कोणी आणला हे विचारले पाहिजे.

या कसोटीवर काही गोष्टी उलगडतात. १९९९ साली धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, ते वेगळे होणे होते. २०२४ साली अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलने भरली. एकाच गावात दोन मांडव पाहून काहींना खेद झाला. आम्हांस त्यात खेद करण्यासारखे काही दिसत नाही. वाचक या मांडवातून त्या मांडवात पायी जाऊ शकतो, ही सोय मानावी. खेद करायचाच असेल, तर तो अशासाठी करावा, की दोन्हीकडे जाणारे वाचक त्या मानाने थोडे असतात.

वेगळी जागा ही कायमची पाठ फिरवणे नसते, याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. वसई तालुक्यातील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. ते मासिक एका धर्मसमूहाचे. पण त्याच्या संपादकाने त्या अंगणात राहून अवघ्या मराठीशी बोलणे चालू ठेवले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शंकरराव खरात १९८४ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पहिल्या दलित साहित्य संमेलनाला सव्वीस वर्षे होऊन गेली होती. वेगळ्या मांडवातून मोठ्या मांडवाकडे जाणारी वाट असते. ती लांब असते, आणि दार आतून उघडावे लागते, एवढेच.

जिल्ह्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्यापर्यंत जावे लागे, ते पालघरवर आले. तेव्हा कोणी महाराष्ट्र फुटला म्हणून गळा काढला नाही. कचेरी जवळ आली म्हणजे न्याय जवळ आला, असेही नाही, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले. साहित्याच्या बैठकींचेही तसेच आहे. बैठक जवळ आणणे हे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

तेव्हा आमच्या भागापुरते आमचे म्हणणे थोडक्यात असे. कविता आणि समीक्षा यांची वाटणी करू नये. समीक्षा ऐकावी न लागणारा कवी आणि कविता ऐकावी न लागणारा समीक्षक, असे दोन प्राणी मराठीत आधीच पुरेसे आहेत. त्यांची पैदास वाढवण्याचे कारण नाही. वेळेचा प्रश्न असेल, तर वेळेची वाटणी करावी: एका महिन्यात लेखाला पूर्ण बैठक, दुसऱ्या महिन्यात कवितेला, आणि श्रोते मात्र दोन्हींना तेच. पालघर आणि बोईसर यांचीही वाटणी करू नये, बैठकीने फिरावे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून येणाऱ्या कामगाराच्या सोयीने कधी बोईसरला बसावे. तेथे मराठीखेरीज इतर भाषा बोलणारे अनेक आहेत. त्यांतल्या कोणी आपल्या भाषेतली कविता वाचली, तर मराठीचे काही कमी होणार नाही. अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि या किनाऱ्याचे आयुष्य पालटले. पुढे त्याच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावांची गोष्ट सांगणारी माणसे अजून आहेत. ती पालघरच्या सभागृहात येणार नसतील, तर सभागृहाने त्यांच्याकडे जावे.

आदिवासी तरुणांच्या वेगळ्या बैठकीविषयी मात्र ठराव करण्याचा अधिकार आम्हां कोणालाच नाही. त्यांना ती हवी असेल, तर त्यांनी ती सुरू करावी. जव्हारला, विक्रमगडला, तलासरीला, जिथे त्यांना वाटेल तिथे आणि ज्या बोलीत वाटेल त्या बोलीत. आपण वर्गणी द्यावी, मागितल्यास सभागृह द्यावे, बोलावल्यास जावे. न बोलावल्यास रुसू नये. आणि आपल्या सर्वसाधारण बैठकीतील त्यांची खुर्ची काढू नये. ‘तुमची वेगळी बैठक आहे ना, मग येथे कशाला?’ हे वाक्य ज्या दिवशी कोणी उच्चारील, त्या दिवशी वेगळे होण्याचे वेगळे करणे झाले असे समजावे.

एक अट मात्र आम्ही स्वतःवर आणि आमच्यासारख्या अध्यापकांवर घालू इच्छितो. वेगळ्या बैठकीत झालेल्या बोलण्याची दखल सर्वसाधारण समीक्षेने घेतली पाहिजे, आणि ती कौतुकाच्या नव्हे, वादाच्या पातळीवर. १९९०च्या पालघर संमेलनातून आलेला प्रश्न, अलिखित हे साहित्य का नव्हे, हा आदिवासी साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत शिकवण्याचा प्रश्न नाही. तो साहित्यशास्त्राच्या पहिल्या तासाचा प्रश्न आहे. भरत आणि ॲरिस्टॉटल यांच्या शेजारी बसवून त्याच्याशी वाद घालावा. पटला नाही तर नाकारावा, पण ऐकून नाकारावा. असा वाद ज्या समाजात चालतो, तेथे मांडव एक आहे की चार आहेत याने फारसे बिघडत नाही. तो थांबला, तर एकाच मांडवाखाली बसलेली माणसेही एकमेकांना परकीच राहतात.

आमच्यापैकी काहींना अजूनही एकच बैठक असावी असे वाटते, काहींना वाटत नाही. लेख लिहितानाही हा मतभेद मिटला नाही. पण पुढच्या सभेत वाटणीचा ठराव येईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी एवढे पाहावे यावर आमचे एकमत आहे: जे उठून जाणार आहेत, त्यांना जायचे आहे का, आणि ते परत आले तर त्यांना जागा आहे का.